भट्टीचा ताव

"काका, भट्टी ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला, "उलट पाहिजे त्यापेक्षा जास्तच तापतेय. तुम्हीच थंड पडलाय बहुतेक." आणि स्वतःच्याच विनोदावर खी खी करून हसला. माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा असेल. मीही हसलो. हसायचंच असतं अशा वेळी, नाहीतर समोरचा म्हणतो म्हाताऱ्याला गंमत कळत नाही. पण मला पटावं म्हणून त्याने भट्टीचं दार उघडलं, हात आत घातला आणि "आई गं!" करत असा झटक्यात बाहेर ओढला की दुसऱ्या हातातला पाना खणकन फरशीवर पडला. मी पाना उचलायला वाकलो तो तसाच थांबलो. कारण तो यायच्या जरा आधी मीही तिथेच, त्याच भट्टीत हात घातला होता, आणि निवांत उभा होतो. उकाड्यात खिडकीबाहेर हात काढून वारा आहे का बघतो ना माणूस, तसा. ताव येईल म्हणून वाट बघत होतो. आला नाही. मी भट्टीला चार शिव्या घातल्या, बटण आणखी फिरवलं आणि हिला सांगितलं, बोलाव त्या दुरुस्तीवाल्याला, भट्टीने मान टाकलीय. आता तो पाने पिशवीत भरत होता, फुंकर घालत बोटं झटकत होता आणि मला सांगत होता, "बटण फिरवायचं थांबवा काका, नाहीतर एक दिवस दुकानासकट भाजून निघाल."

तो गेला. दार लागल्यावर मी पिठाच्या पोत्यावर बसलो आणि हाताकडे बघत राहिलो. या हाताचं मला कायम कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. बाबांनी भट्टीचा ताव हातानेच शिकवला. त्यांच्या वेळी काटा नव्हता, आणि पुढे काटा आला तरी त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "काटा भट्टीच्या भिंतीचं सांगतो," म्हणायचे, "पावाला काय वाटतंय ते हात सांगतो." हात आत घालायचा आणि घरातल्या माणसांची नावं घ्यायची, न घाई करता, पाहुण्यांना ओळख करून द्यावी तशी. आजा, आजी, बाबा, आई, दादा, ताई, मी. आजीपाशी हात निघाला तर भट्टी भडकलीय, दार उघडं टाक. आईपाशी निघाला की पाव लाव. ताईपाशी निघाला की दालचिनीचे रोल. आणि स्वतःपर्यंत पोचलास तर फक्त बिस्किटं. मी पोर होतो, एकदा विचारलं, "आणि माझ्याही पुढे गेलो तर?" बाबा पीठ मळत होते. मान वर न करता म्हणाले, "स्वतःच्या पुढे गेलास तर भट्टी विझलीय असं समज." सगळे हसले. दादा सगळ्यात मोठ्याने. दादाला हे नावं घेणं फार आवडायचं, कारण त्याचा हात आईपाशीसुद्धा टिकायचा नाही, बाबांवरच उडी मारायचा, आणि मग तो म्हणायचा, मी बापाला घाबरतो त्याला मी काय करू.

आज मी स्वतःच्या पुढे गेलो होतो. काल पण गेलो होतो. किती दिवस चाललंय कोण जाणे. आजा, आजी, बाबा, आई, दादा, ताई, मी, आणि मग पुढे कुणी नाही म्हणून मी हिचं नाव घेतलं, मग भाच्याचं, मग समोरच्या शिंप्याचं, आणि हात आपला आत. गिऱ्हाईक रोज कुरकुरतंय, पाव खालून करपतोय म्हणून. ही काउंटरवरून मला ओरडून सांगते, "अहो, आजही काळाच आलाय!" आणि मी इथून ओरडतो, "भट्टीला विचार!" भट्टी काय बोलणार बिचारी. आत्ता आत दालचिनीच्या रोलचा घाणा लागला होता. दुरुस्तीवाल्याने ताव बरोबर करून दिला, तो असतानाच मी ट्रे सरकवले होते. सगळीकडे तोच वास, गोड, लाकडी, जिभेच्या मागे चावणारा. मी तळहात नाकाशी नेला. त्यालाही तोच वास. आणि त्याखाली दुसरा, जरा करपलेला. अंगठ्याच्या बुडाशी कातडी पांढरी होऊन फुगली होती. मी ती दाबली. आणखी दाबली. दुसऱ्याच कुणाचा हात हातात घेऊन बसल्यासारखं वाटत होतं. मी स्वतःला म्हटलं, घट्टे आहेत रे, उभा जन्म भट्टीपाशी गेला, घट्टे पडणारच. पटवून द्यायला मला फार वेळ लागत नाही. त्या बाबतीत मी पहिल्यापासून हुशार.

साखर निघाली तेव्हाही मी असंच पटवून दिलं होतं. बेकरीवाल्याला साखर नाही होणार तर काय लोहाराला होणार? डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. गोळ्या चांगल्याच असतील, पण माझ्या पोटाने त्यांच्याशी वैर धरलं. घाणा आत लागलाय, पाव फुगतोय, आणि इथे पोटात गुडगुड. बाबांचा एकच नियम होता, त्यावर वाद नाही: भट्टीत माल असताना भट्टी सोडायची नाही. बाहेर आग लागू दे, घरात पाळणा हलू दे, माल आत आहे तोवर तू भट्टीचा. आणि मी कमरेचा पट्टा सोडत मागच्या दाराने पळतोय. दोन-तीन घाणे असेच कोळसा झाले. हिने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगायचं होतं, की बाई, गोळी सोसत नाही, दुसरी द्या, कमी द्या, काहीतरी करा. एवढंच तर सांगायचं होतं. पण दुपारी भट्टी, संध्याकाळी भट्टी, आणि पोटाचं गाऱ्हाणं बाईमाणसाला काय सांगायचं? मग हिला कुणीतरी दालचिनीचं सांगितलं. कोण ते आठवत नाही. असल्या गोष्टी सांगणारं माणूस कधी आठवत नाही. साखरेवर जालीम म्हणे. ही हसली आणि म्हणाली, "अहो, घरात पोत्याने पडलीय आणि आपण औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तिच्यावर ढकलायचं नाही मला. दोघं ओट्यापाशी उभे होतो, दोघांनी मान हलवली. गोळ्या फडताळात वर ठेवल्या, अगदीच गरज लागली तर म्हणून.

आणि गुण आला हो! तेच तर. गुण आलाच नसता तर सोडली असती. बोट टोचून बघायचं यंत्र होतं घरात, आकडा उतरला. आम्ही दोघांनी त्या यंत्राकडे असं पाहिलं, जणू पोराचा निकाल लागलाय. आता या पोत्यावर बसल्यावर आठवतं, त्याच दिवसांत हिने माझा पाव बंद केला होता. चहातली साखर गेली होती. जेवण झालं की दोघं कालव्याकाठी चालायला जायचो, ती पुढे, मी मागे, भांडत. ते सगळं आम्ही मोजलंच नाही. सगळं श्रेय दालचिनीला. मग पाव हळूच परत आला, चालणं गुडघेदुखीवर ढकलून सोडलं, आणि बरं वाटतंय तर बोट कशाला टोचायचं म्हणून यंत्रही फडताळात गेलं, गोळ्यांच्या शेजारी. राहिली फक्त दालचिनी. ती मात्र कधी चुकली नाही. स्वयंपाकघर दुकानाच्या मागेच, एकच दार मध्ये. सकाळी मी पीठ मळत असतो आणि तिकडून खलबत्त्याचा ठणठण आवाज येतो. जाड सालीची दालचिनी, दगडासारखी, ती दात-ओठ खाऊन कुटते, तुकडे ओट्यावरून चहूकडे उडतात, ती त्यांना दटावते, "पळ, पळ कुठे पळतोस!" मग उकळलेलं पाणी ग्लासात घेऊन येते आणि मी ते संपवेपर्यंत समोर उभी राहते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. त्या पाण्यापेक्षा मला ते उभं राहणंच लागू पडत होतं, असं आता वाटतं.

दादाचं म्हणाल तर दादालाही साखर, आणि तो गोळ्या घ्यायचा. हेच मी सगळ्यांना ऐकवतो. दादाने एकही गोळी चुकवली नाही, तरी पाय गेला, मग गोळीत काय राम आहे? मेलेल्या भावाचं नाव घेतलं की कोण वाद घालणार. पण मला ठाऊक आहे, दादाने गोळ्या कधी सुरू केल्या ते. अंगठा काळा पडल्यावर. त्याआधी तोही असाच हसत होता, आमच्या घराण्याचं रक्तच गोड, म्हणायचा. दवाखान्यात मी त्याच्या पायथ्याशी बसलो होतो. चादर एका बाजूला सपाट होती. तो म्हणाला, "ए, माझा पाय खाजवतोय रे," आणि मी त्या सपाट चादरीकडे बघत राहिलो. त्याने डोळे मिचकावले. गंमत करत होता की खरं सांगत होता हे मला अजून कळलेलं नाही. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो आणि देवाला म्हटलं, काही कर पण पाय नको. डोळे घे, दात घे, पाय नको. भट्टीवाला उभाच असतो. बसलेला भट्टीवाला कुणी पाहिलाय?

आणि गेल्या वर्षी माझेच पाय जळायला लागले. तळव्याखाली निखारे ठेवल्यासारखे. मी घाबरून अर्धा झालो. हिने दालचिनी वाढवली, सकाळची सकाळ-संध्याकाळ केली. आणि काही महिन्यांत जळजळ थांबली! पूर्ण थांबली. मी जग जिंकलं. काउंटरवर येईल त्याला सांगत सुटलो, साखर आहे का तुम्हाला? दालचिनी घ्या, माझे पाय बघा, जळायचे, आता कापसावर चालल्यासारखं वाटतं. कापसावर! हाच शब्द वापरला मी. अरे गाढवा, फरशीवर चालतोस तू, तुला कापूस कुठून लागला? हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. हिवाळ्यात हिने बळेच डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेव्हा त्यांनी मला पलंगावर आडवं केलं. "डोळे मिटा काका. पायाला दोरा टेकला की हो म्हणा." मी डोळे मिटले. पलंगावर कागद अंथरलेला, त्या वाकल्या की कुरकुरायचा. कागद कुरकुरला की मी म्हणायचो, हो. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहावं तसं. तरी त्यांचं तोंड गंभीरच. "गोळ्या घेताय ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. ही माझ्या शेजारी उभी होती, तीही काही बोलली नाही. "रोज तळवे बघत जा. बुटात हात फिरवून मगच बूट घाला." घरी येताना मी खूप हसलो त्यावर. बुटात काय नाग बसलाय? ही पण हसली, पण जरा कमी.

"अहो, घ्या." ही समोर उभी होती. संध्याकाळी खूप गिऱ्हाईक असतं म्हणून दुसरं पाणी ती लवकरच आणते. ग्लास फडक्यात धरलेला, वाफ वर जात होती. "काय म्हणाला तो? भट्टी बदलायला सांगितली का?"

"नाही. ठीक आहे म्हणाला."

"मग एवढं तोंड पाडून का बसलाय?"

मी ग्लास घेतला. घेतला आणि फुंकर घालत बसलो, एकदा, दोनदा, तीनदा. मग पाहिलं तर तिच्या हातात नुसतं फडकं होतं आणि ती माझ्या हाताकडे बघत होती.

"अहो, तो गरम आहे."

"हो, आहे की."

"नाही, अहो, गरम आहे तो. मला फडक्यातूनही धरवत नव्हता." तिने ग्लास माझ्या हातातून ओढून घेतला, बोटं भाजल्यामुळे तो लगेच पोत्यावर आपटून ठेवला, आणि माझा तळहात उलटा केला. पांढरा फोड तिला दिसला. "हे कधी झालं?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. "दुखत नाही?" मी म्हटलं, नाही ना. आणि माझ्या तोंडून ते जुन्याच फुशारकीच्या सुरात निघालं, बघ, दुखतसुद्धा नाही. त्या सुराची मला स्वतःलाच इतकी भीती वाटली की मी तिचा दंड घट्ट धरला.

ती माझी बायको आहे, तिला समजवायला लागत नाही. ती खाली बसली आणि माझ्या उजव्या बुटाची नाडी सोडायला लागली. मी म्हटलं, अगं पाय कशाला, हाताचं चाललंय. "गप बसा." बूट निघाला. मोजा निघाला नाही. तळव्याला चिकटला होता. तिने शेजारच्या भांड्यातलं पाणी घालून तो भिजवला आणि हळूहळू सोलला, आणि मी वरून बघत होतो, तिचं डोकं, भांगातले पांढरे केस, आणि मला काही म्हणजे काही लागत नव्हतं. मोजा खालून काळा झालेला. वास आला तेव्हा तिने मान वळवली नाही. अंगठ्याखाली खड्डा पडला होता, कडा मळकट पांढऱ्या, आत ओलं. तिने बूट उचलला, आत हात घातला, चाचपला, आणि चिमटीत काहीतरी धरून बाहेर काढलं. तपकिरी, वळलेलं, एका बाजूने टोकदार. तिने ते नाकाशी नेलं.

"लाकूड असेल," मी म्हटलं. "रस्त्यावरून आलं असेल."

"माझंच आहे," ती म्हणाली. "अहो, हे माझंच आहे." पायात नसले की बूट ओट्याखालीच असतात. ती कुटते, तुकडे उडतात. एक सालपट माझ्या बुटात गेलं आणि मी ते पायाखाली घेऊन हिंडलो. किती दिवस, देव जाणे. पिठाची पोती उचलली, घाणे लावले, लोकांना पाय दाखवून दालचिनीचे गुण गायले. ती ते सालपट मुठीत धरून बसली होती आणि तिच्या तोंडाकडे मला बघवेना. मला ओरडून सांगायचं होतं की तुझं काही चुकलं नाही, दोघांनी मान हलवली होती. पण दादाची चादर दिसत होती नुसती, ती सपाट बाजू.

"हाच पाय असेल," मी म्हटलं. "डावा बरा आहे. डाव्याला कळतं सगळं. लावून बघ. डॉक्टरीणबाई लावतात तसं कर, मी डोळे मिटतो." मी डोळे घट्ट मिटले. डावा बूट निघाल्याचा आवाज आला, मोजा सहज निघाला असावा. भट्टी घुमत होती. रोलचा वास आता भरात आला होता, ताईपाशी हात निघेल असा. मी ताणून वाट बघितली, जिवाचे कान करून म्हणतात तशी, सगळा जीव तळव्यात नेऊन ठेवला. आणि लागलं. अंगठ्याला अगदी हलकं, मोरपीस फिरवावं तसं लागलं. शपथ घेऊन सांगतो, लागलं.

"हो!" मी म्हटलं. "हो, लागलं! अंगठ्याला!"

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या तोंडावर होते.

"अहो," ती हातांच्या आडून म्हणाली, "मी अजून हात लावलाच नाहीये."

मग ती उठली. दुकानाचं पुढचं दार लावून घेतलं, कुणीतरी बाहेरून "अहो, पाव!" म्हणत होतं त्याच्या तोंडावर. गाडीसाठी फोन केला, डॉक्टरीणबाईंना केला, मी तिला इतक्या भराभर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "गोळ्या नाही घेत ते. नाही, केव्हापासूनच नाही. हो, मला माहीत होतं." ते वाक्य तिने न अडखळता म्हटलं. फडताळातल्या गोळ्या काढून पिशवीत टाकल्या, आणि येता येता भट्टीपाशी थांबून बटण फिरवलं. कट्. घुमणं थांबलं. मी पोत्यावरून अर्धा उठलो. "अगं, माल आत आहे!"

"असू दे."

"अर्धा कच्चा आहे!"

"असू दे म्हटलं ना."

आमच्या भट्टीत माल असताना ती कधी बंद झाली नव्हती. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी घाणा काढून मगच रडलो होतो. आत कणीक अर्धी फुगून बसली असेल, आता ती तशीच खाली बसणार, दगड होणार. दुकान किती शांत असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी पोत्याला टेकलो. आजा, आजी, बाबा, आई, दादा. दादापाशी अडकलो. पुढे जाववेना. गाडी यायला वेळ होता आणि उघड्या पायांकडे बघायची हिंमत नव्हती. मी डोळे मिटून घेतले.

"अगं," मी म्हटलं, "जरा पाय धर ना माझे. फार भीती वाटतेय."

ती खालून, अगदी जवळून बोलली. रडत होती.

"धरलेत हो. केव्हाची धरून बसलेय."